मदतीचा हात द्या, किल्ली मागू नका

प्रत्येक खानदानात एक जण कॉम्प्युटरचा जाणकार मानला जातो. प्रिंटर अडला, ईमेल उघडेना, मुलीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म अर्ध्यावर थांबला, की सगळे फोन त्याच्याकडे. आमच्या घरात हे काम माझ्याकडे आहे. मी कल्याणला राहते, डोंबिवलीत नोकरी करते. खाला मुंब्र्यात, कौसाला. मामूंचं घर ठाण्यात महागिरीला. धाकटा भाऊ शारजात. एवढ्या अंतरावरून एकमेकांना मदत करायची, तीही पैसे न मोजता, हे आज शक्य आहे. ते कसं करायचं ते सांगतेच. पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न मांडायचा आहे: मदत करताना घराची किल्ली कोणाच्या हातात जाते?

आधी हे मान्य करूया की ही आता फक्त घरगुती बाब राहिलेली नाही. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये ती सुरू झाली. महिलेचा आधार, त्यावरचा ओटीपी, आणि त्याचबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी. महिन्याचे १५०० रुपये चालू राहायचे तर हे करणं भाग होतं. अकरावीचा प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाला. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी. हजचा अर्ज ऑनलाइन. ६ जून २०२५ ला केंद्राचं 'उमीद' पोर्टल सुरू झालं आणि वक्फ मालमत्तांची कागदपत्रं सहा महिन्यांत त्यावर चढवायची, असं ठरलं. उर्दू-मोडीतले जुने दस्त, कापडात बांधलेले नकाशे सांभाळणाऱ्या मुतवल्लींना स्कॅनर, फाइल आणि लॉगिन यांच्याशी गाठ घालावी लागली.

म्हणजे नागरिक म्हणून आपला जो काही हक्क आहे, त्याच्या दारावर आता एक स्क्रीन आहे. ती उघडता आली नाही तर हक्क कागदावरच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात हेच म्हटलं: डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. तो खटला ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांचा आणि अंध व्यक्तींचा होता. केवायसीसाठी डोळे मिचकावून दाखवा, असं यंत्र सांगतं. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी काय करायचं, हा त्यातला सवाल होता. आपल्या घरातल्या वयस्क माणसांचा सवाल तितका टोकाचा नसेल, पण जातकुळी तीच आहे.

आता आपल्या भागाची गोष्ट. आपली कुटुंबं रेल्वेच्या रुळांवर मणी ओवावेत तशी पसरली आहेत. ठाण्यातले राबोडी-महागिरीसारखे जुने मोहल्ले, १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून आलेल्या माणसांनी भरलेलं मुंब्रा-कौसा, कल्याणची जुनी वस्ती, आणि घर परवडत नाही म्हणून टिटवाळ्याकडे सरकलेली तरुण जोडपी. नकाशावर हे सगळं जवळ दिसतं. पण संध्याकाळच्या गर्दीत डोंबिवलीहून मुंब्र्याला जाऊन पासवर्ड बदलून परत कल्याणला यायचं, म्हणजे अख्खी रात्र गेली. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर भरलेल्या लोकलमधून पडून प्रवाशांचे जीव गेले, हे आपण कोणीही विसरलेलो नाही. 'येऊन जा ना जरा' हे वाक्य आपल्या भागात सोपं नाही.

मग होतं काय? वयस्क माणूस कोपऱ्यावरच्या दुकानात जातो. आधार, पॅन, बँकेचं पासबुक, सगळं टेबलावर ठेवतो. दुकानदार भला असतो बहुतेक वेळा. पण स्कॅन केलेल्या फाइली त्याच्या कॉम्प्युटरवर राहतात, ईमेलचं लॉगिन उघडं राहतं, आणि पासवर्ड त्याच्याच वहीत लिहिलेला असतो. फॉर्मचे पैसे एकदाच दिले असं वाटतं, पण खरी किंमत नंतर मोजावी लागू शकते. म्हणून घरच्या माणसाची दुरून मदत ही चैन नाही, गरज आहे.

मार्ग अनेक आहेत. मी ते चढत्या क्रमाने सांगते, कारण माझं मत असं की ज्या पायरीवर काम होतं तिथेच थांबावं. वरची पायरी उगाच चढू नये.

पहिली पायरी साधा फोन. यात तंत्र लागत नाही, सबुरी लागते. 'ब्राउझर उघड' म्हणण्याऐवजी 'लाल, पिवळं, हिरवं असं गोल चित्र दिसतंय का, त्यावर दोनदा दाब' असं म्हणा. समोरच्याला वाचून दाखवायला सांगा. निम्म्या अडचणी स्क्रीनवर काय लिहिलंय ते नीट वाचलं की सुटतात. खालाला मी एकच वाक्य शिकवलं: 'काही दाबायच्या आधी मोठ्याने वाच.'

दुसरी पायरी, बघण्याची. व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल लावून फोनचा मागचा कॅमेरा कॉम्प्युटरच्या स्क्रीनकडे धरायला सांगा. फारच साधा उपाय, पण चालतो. फोनच्याच आत काही अडलं असेल तर व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्ये ऑगस्ट २०२३ पासून स्क्रीन शेअर करता येते. लॅपटॉपवरून गूगल मीटमध्येही स्क्रीन दाखवता येते, आणि दोघांच्या बोलण्यासाठी ते मोफत आहे. या पायरीवर तुम्ही फक्त बघता. माउस त्यांच्या हातात राहतो. एक काळजी घ्या. स्क्रीन शेअर चालू असताना आलेला ओटीपी आणि बँकेचा मेसेजही समोरच्याला दिसतो. बँकेचं काम असेल तेव्हा शेअर बंद करून, फक्त आवाजावर बोला.

आखातात माणसं असलेल्या घरांसाठी एक गोष्ट. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरचे कॉल बंद ठेवलेले आहेत. माझा भाऊ त्यामुळे व्हिडिओ कॉलवरून मदत करू शकत नाही. पण व्हॉट्सॲपचे लिखित आणि व्हॉइस मेसेज चालतात. तो मेसेजवर बोलतो आणि खाली सांगितलेल्या तिसऱ्या पायरीने काम करतो. वेळ लागतो, पण होतं.

तिसरी पायरी, दुरून माउस हातात घेण्याची. विंडोज १० आणि ११ मध्ये 'क्विक असिस्ट' नावाचं मायक्रोसॉफ्टचंच साधन मोफत मिळतं. मदत करणाऱ्याकडे मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. मदत घेणाऱ्याला खातं लागत नाही. मदत करणाऱ्याला एक छोटा कोड मिळतो, तो त्याने फोनवर सांगायचा. मदत घेणाऱ्याने तो टाकायचा आणि स्क्रीन दाखवायला परवानगी द्यायची. माउस हवा असेल तर पुन्हा वेगळी परवानगी मागावी लागते. एखादा प्रोग्राम बसवताना विंडोज 'हो की नाही' विचारतं, तेव्हा मदत करणाऱ्याला बहुधा काळी स्क्रीन दिसते. ते बिघडलेलं नसतं. तिथे निर्णय कॉम्प्युटरच्या मालकाने घ्यायचा असतो. मला ही सोय फार आवडते.

दुसरं साधन गूगलचं 'क्रोम रिमोट डेस्कटॉप'. विंडोज, मॅक, लिनक्स, सगळीकडे चालतं, तेही मोफत. यात कोड उलट्या बाजूने जातो: मदत घेणाऱ्याच्या स्क्रीनवर १२ आकडी कोड येतो आणि तो त्याने मदत करणाऱ्याला सांगायचा. कोड एकदाच चालतो. दर ३० मिनिटांनी मालकाला विचारलं जातं की शेअर चालू ठेवायचं का. याशिवाय एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर ही नावं अनेकांना माहीत असतील. घरगुती वापरासाठी ती मोफत मिळतात. 'रस्टडेस्क' हा मुक्त स्रोताचा पर्यायही आहे. मात्र घरातल्या घरात पहिली दोन साधनं पुरतात. साधनं जितकी कमी, तितका वयस्क माणसाचा गोंधळ कमी.

इथपर्यंत सगळं सोपं वाटेल. पण ज्या दाराने भाची आत येते, त्याच दाराने चोरही येतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं की एनीडेस्कसारखं ॲप बसवायला लावून, कोड विचारून, लोकांची खाती रिकामी केली जात आहेत. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतः सांगितलं की एक गुन्हेगार टोळी क्विक असिस्टचा गैरवापर करते आहे. दोष साधनाचा नाही. सुरीने भाजीही चिरतात. पण ज्या घरात हे साधन आपण नेतो, त्या घरात सावधगिरीही आपणच न्यायला हवी. 'कोड कोणाला देऊ नका' एवढं सांगून भागत नाही. कारण एका साधनात कोड आपण देतो, दुसऱ्यात घेतो, आणि अम्मी-अब्बांच्या डोक्यात दोन्हीची सरमिसळ होते.

म्हणून नियम कोडचा नको, फोनचा हवा. फोन कोणी कोणाला केला? मदत हवी असलेल्या माणसाने, आपल्या फोनमध्ये नाव साठवलेल्या ओळखीच्या नंबरवर, स्वतः फोन लावला असेल तरच मदत सुरू. बाहेरून आलेल्या फोनवर कधीच नाही. बँक असो, वीज कंपनी असो, कुरिअर असो, पोलीस असो. मुंब्र्यात विजेचं बिल टोरंटचं, कल्याणात महावितरणचं. पण 'आज रात्री लाइट कापणार, हे ॲप टाका' असा फोन दोन्हीकडे येऊ शकतो. स्क्रीनवर अचानक 'तुमचा कॉम्प्युटर बंद पडला आहे, या नंबरवर फोन करा' असं मोठ्या अक्षरांत आलं, तर त्या नंबरवर फोन करायचा नाही. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधून पहिला दिसेल तो लावायचा नाही; पासबुकावर, कार्डाच्या मागे किंवा बिलावर छापलेला नंबर घ्यायचा. विंडोज १० चं नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. जुने लॅपटॉप अजून घराघरांत आहेत, आणि 'तुमचं विंडोज संपलं, आम्ही नवं करून देतो' म्हणणाऱ्यांना हे आयतं निमित्त आहे.

गेल्या वर्षी खालाला असाच एक फोन आला. समोरचा माणूस गोड बोलत होता, तिचं पूर्ण नावही त्याला माहीत होतं. 'मॅडम, मी कोड सांगतो, तुम्ही फक्त टाका.' ती म्हणाली, 'आमच्याकडे आधी मी फोन करते, मग कोड येतो. तुम्ही उलटं करताय.' आणि फोन ठेवला. चौथीपर्यंत शिकलेली बाई. तिला सायबर सुरक्षेचा एकही शब्द येत नाही. नियम मात्र पाठ होता, कारण तो एका वाक्याचा होता.

'डिजिटल अटक' नावाचा जो प्रकार चालतो, त्यात माणसाला व्हिडिओ कॉलवर तासन् तास धरून ठेवतात. असा कायदाच नाही. कुठलीही तपास यंत्रणा व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हे सांगितलं. आपल्या समाजातल्या वयस्क माणसाला पोलिसाच्या नावाने जरा जास्तच घाम फुटतो, याची कारणं आपल्याला माहीत आहेत. फसवणारे हीच भीती वापरतात. म्हणून घरात आधीच बोलून ठेवा: असा फोन आला तर तो ठेवा आणि आम्हाला लावा, कितीही वाजले असोत, कोणी रागावणार नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिले काही तास फार मोलाचे असतात. शरमेने गप्प बसलेल्या माणसाचे पैसे परत मिळणं कठीण होतं.

आता किल्लीचा प्रश्न. बाहेरचा चोर दिसतो तरी. घरातली सत्ता दिसत नाही. आपल्या किती घरांत आईच्या बँक खात्याला मोठ्या भावाचा नंबर जोडलेला आहे? किती बहिणींचा ईमेल नवऱ्याच्या फोनवर उघडतो? किती जणींना आपला आधार कुठल्या मोबाइलशी जोडलाय हेच ठाऊक नाही? हे सगळं 'मदत' म्हणूनच झालेलं असतं. कोणाच्या मनात पाप नसतं. 'तुला कशाला त्रास, मी करतो' म्हणत एकेक किल्ली दुसऱ्याच्या खिशात जाते. मग नवरा-बायकोचं बिनसलं, भावाभावांत घरावरून वाद झाला, किंवा बाई एकटी पडली, की कळतं: पैसा तिचा, पण ओटीपी दुसऱ्याच्या हातात. लाडकी बहीणच्या ई-केवायसीत पतीचा किंवा वडिलांचा ओटीपी मागितला गेला तेव्हा विधवा, घटस्फोटित, टाकलेल्या बायकांची काय तारांबळ उडाली, ते वस्तीत काम करणाऱ्या कोणालाही विचारा. आपण तलाक, पोटगी, वारसा यांतल्या स्त्रीच्या हक्कांवर बोलतो. तिच्या पासवर्डवरही बोलायला हवं. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो हक्क सरकारच्या विरोधात आहे तसाच तो घराच्या उंबरठ्याच्या आतही आठवायला काय हरकत आहे?

या कसोटीवर दुरून केलेली मदत मला जवळ बसून केलेल्या मदतीपेक्षाही बरी वाटते. भाचा घरी येतो तेव्हा लॅपटॉप स्वतःकडे ओढतो, दहा मिनिटांत काम उरकतो आणि निघून जातो. खालाला काय झालं ते कळतही नाही. स्क्रीन शेअर केल्यावर मात्र माउस कुठे जातो ते तिला दिसतं, कधीही 'थांब' म्हणून ती सगळं बंद करू शकते. फक्त आपण चार पथ्यं पाळायला हवीत. पासवर्ड तिनेच टाकायचा, आणि त्या वेळी शेअर थांबवायचं. खातं परत मिळवण्यासाठीचा नंबर आणि ईमेल तिचाच असायचा, आपला नाही. मालकाने दर वेळी परवानगी न देता आत शिरता येईल, अशी कायमची सोय यांतल्या काही साधनांत करता येते. ती तिच्या स्पष्ट संमतीशिवाय कधीच करायची नाही. आणि काम झाल्यावर तिच्या डोळ्यांदेखत जोडणी तोडायची.

पाचवं पथ्य सर्वांत कठीण: माउस परत द्यायचा. सुरुवातीला प्रिंटरची अडचण मीच सोडवायची. तिसऱ्या वेळी खाला म्हणाली, 'या वेळी तू नुसती बघ.' वीस मिनिटं लागली. मला दोन मिनिटं लागली असती. पण त्यानंतर प्रिंटरसाठी तिचा फोन आलेला नाही, आणि शेजारणीचं लाइट बिल तीच भरून देते.

कोणी म्हणेल, हे सगळं कुटुंबाने का करायचं? सरकारने सेवा सोप्या कराव्यात. बरोबर आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे. सेवा वेळेत मिळणं हा उपकार नाही, हक्क आहे. मराठीत आणि उर्दूत कळेल असे फॉर्म, ओटीपी न मिळणाऱ्यांसाठी खिडकीवरची सोय, एकट्या बाईला पतीचा आधार न मागणारी पद्धत, या मागण्या आपण करतच राहायच्या आहेत. घरच्या पोरांची मदत ही शासनाच्या जबाबदारीला पर्याय होऊ शकत नाही. शिवाय ज्यांना भाची-भाचे नाहीत, त्यांचं काय?

म्हणून माझी सूचना मोहल्ल्यासाठी आहे. शाळेचा एक वर्ग, वाचनालयाची खोली, मशिदीचा पुढचा हॉल, जिथे जागा मिळेल तिथे रविवारी दोन तास दोन तरुण बसोत, त्यातली एक मुलगी असावी. येणाऱ्याने आपला फोन किंवा लॅपटॉप आणावा. काम त्याच्या हाताने व्हावं. कोणाच्याही कागदाची प्रत ठेवली जाऊ नये. भिंतीवर मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि उर्दूत, तीन ओळी लिहाव्यात: फोन आपण लावायचा. पासवर्ड आपणच टाकायचा. काही झालं तर १९३०. खर्च जवळजवळ शून्य. राबोडीत, कौसात, कल्याणच्या जुन्या गावात, सगळीकडे हे जमण्यासारखं आहे. ज्यांच्याकडे येणं होत नाही, अंथरुणाला खिळलेली किंवा घराबाहेर पडू न दिली जाणारी माणसं, त्यांच्यासाठी याच तरुणांनी वरच्या पायऱ्या वापराव्यात.

आपल्याकडे शिकलेल्या मुलांना समाजकार्य म्हटलं की मोठं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. या आठवड्यात एवढंच करा. आपल्या एका वयस्क नातेवाइकाला फोन लावा, कॉम्प्युटरवर किंवा फोनवर काय अडलंय ते विचारा, आणि ते त्यांच्याच हातून करून घ्या. मग त्यांच्या बँक खात्याला, आधारला, ईमेलला कोणाचा नंबर जोडलाय तेही विचारा. तो त्यांचा नसेल, तर तो त्यांचा करून देणं हेच पुढच्या आठवड्याचं काम.